गिटार ॲम्पची ट्यूब बदलताना सॉकेट कसे जपावे

जुन्या रेडिओच्या काळात आपल्याकडे जिला ‘व्हॉल्व्ह’ म्हणत, तीच गिटार ॲम्पमधली, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातली, काचेची ट्यूब. ती गेली तर नवी विकत मिळते. मात्र ट्यूबच्या पिना ज्यात खोचतात ते सॉकेट सैल पडले किंवा तडकले, तर ॲम्प उघडून सोल्डरचे जुने टाके सोडवावे लागतात, आणि सॉकेट थेट सर्किट बोर्डावर बसवलेले असेल तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टाही उखडू शकतो.

प्रथम ॲम्प बंद करून भिंतीतला प्लग काढावा आणि अर्धा तास थांबावे. एवढ्या वेळात काच निवते, पण आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये साठलेला, अनेक ॲम्पमध्ये ४०० व्होल्टहून अधिक असलेला विजेचा दाब उतरलाच असे धरून चालू नये. वाट पाहताना कोणती ट्यूब कुठे आहे याचा फोटो काढून ठेवावा.

त्यानंतर पकड सोडवावी. १२एएक्स७ या छोट्या ट्यूबवर पत्र्याचे टोपण असल्यास ते किंचित दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की सुटते. मोठ्या ट्यूबची स्प्रिंगची पकड न काढताच ट्यूब ओढणारे लोक मी पाहिले आहेत. तो सगळा ताण सॉकेटवर येतो.

आता खरे काम. ९ पिनांची छोटी ट्यूब, म्हणजे १२एएक्स७ किंवा ईएल८४, काचेच्या बुडाशी धरावी, दुसऱ्या हाताने चासीला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला, आधार द्यावा आणि अगदी थोडे, जेमतेम जाणवेल इतके, गोलाकार डोलवत सरळ रेषेत ओढावी. जास्त तिरपी केली तर सॉकेटमधले पिना पकडणारे स्प्रिंगचे ओठ फाकतात आणि पिनेच्या मुळाशी काचेला चीर जाते. माझ्या हातून एकदा तसे झाले: काचेच्या आतला चंदेरी डाग पाहता पाहता दुधासारखा पांढरा झाला, म्हणजे आत हवा शिरली. ईएल३४ किंवा ६एल६ सारखी ८ पिनांची ट्यूब मात्र काचेला नव्हे, तर खालच्या बेकेलाइटच्या बैठकीला धरावी. काचेला पिळले की ती बैठकीपासून सुटते.

नवी ट्यूब बसवण्याआधी तिच्या पिना पाहाव्यात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने सरळ करावी. कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेच्या जोडांवरचा मळ काढणारा द्रव, सॉकेटवर फवारू नये, कारण ओलावा व धूळ धरून ठेवणारा थर तिथे राहतो. क्लीनर पिनांना लावावा, ट्यूब दोन-तीनदा हलकेच आत-बाहेर करावी आणि सुकू द्यावे. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत पिनांवर लवकर मळ धरतो, तेव्हा तिथे हे टाळू नये.

बसवताना जोर लावण्याआधी जागा शोधावी. ९ पिनांच्या ट्यूबला दोन पिनांमध्ये एक मोठी फट असते, ती सॉकेटच्या फटीशी जुळवावी. ८ पिनांच्या ट्यूबच्या मधल्या खुंटीवर उंचवटा असतो. तो खाचेत बसेपर्यंत हलके फिरवावे, मग सरळ दाबावे. ही खुंटी तुटलेली असेल तर ती ट्यूब वापरूच नये, कारण आठपैकी कोणत्याही दिशेने ती आत जाते आणि ट्यूबच्या आतल्या प्लेटसाठीचा विजेचा उच्च दाब भलत्याच पिनेवर पोहोचू शकतो.

ट्यूब सैल बसत असेल, तर सॉकेटच्या भोकात सुई घालून ओठ आवळण्याचा मोह होतो. या ओठांपैकी काही उच्च दाबाच्या तारेला जोडलेले असतात, त्यामुळे मीटरने कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करता येत नसेल तर हे काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे. ईएल३४ च्या सॉकेटवर २ आणि ३ क्रमांकांच्या भोकांदरम्यान काळी रेघ दिसली, तर तेथे ठिणगी पडलेली असते. जळलेला तो कोळसा वीज वाहून नेतो, तो कितीही खरवडला तरी ठिणगी पुन्हा पडण्याची शक्यता राहते, आणि अशा वेळी सॉकेटच बदलून घ्यावे.