विहिरीच्या ढिगाऱ्यावर दगड बघायला जाताना: घरच्यांसोबतची तयारी

मराठवाड्यात दगड बघायला लांब जावं लागत नाही. नव्या विहिरीच्या काठाला यारीने काढून टाकलेला ढिगारा म्हणजे तिथली जमीनच उलटी रचलेली असते. माती आणि मुरूम आधी निघतात, म्हणून ते तळाशी. काळा पाषाण शेवटी निघतो, म्हणून तो वर. अगदी ताजा ढिगारा टाळा, त्यावरच्या धुळीखाली काहीच ओळखू येत नाही. एक पावसाळा खाल्लेला निवडा.

आदल्या दिवशी शेतमालकाला भेटून परवानगी घ्या आणि दोन गोष्टी विचारा: विहिरीला कठडा आहे का, आणि खोदताना सुरुंग लावले होते का. कठडा नसेल तर लहान मुलांना घेऊन तिथे जाऊच नका, दुसरी विहीर शोधा. सुरुंग लावले असतील तर मुलांच्या आधी मोठ्याने एकट्याने फेरी मारावी. वायरचा तुकडा, धातूची बारीक नळी किंवा कांडी दिसली तर हात न लावता सगळ्यांना मागे घ्या आणि मालकाला सांगा. ढिगाऱ्यावर चढायचं नाही, हे घरीच ठरवून घ्या. दगड सैल असतात, वरच्याचा पाय सरकला की खालच्याला लागतं. कडेला विखुरलेले दगड दिवसभर पुरतात.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधले. सकाळी साडेसातला पोचा आणि अकराच्या आत आवरा, काळा दगड लवकर तापतो. मोठ्याला 3 लिटर, मुलाला 2 लिटर पाणी धरा. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ; दही मात्र नको. पायात पूर्ण बंद बूट, अंगात लांब पँट. फुरसं आणि विंचू दगडाखालीच बसतात, म्हणून दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे कलवा. खालची मोकळी बाजू समोर राहते, आपल्या पायाकडे नाही. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. चावलेला भाग न हलवता 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

पिशवीत 10 पटीचं भिंग, एक जाड लोखंडी खिळा, दोरीला बांधलेलं चुंबक, छोट्या बाटलीत व्हिनेगर, जुने वर्तमानपत्र, वही आणि पेन्सिल. शाई पाण्याने पसरते, पेन्सिल टिकते. हातोडा घ्यायचाच तर दगडकामाचा, सोबत डोळ्यांना संरक्षक चष्मा, आणि तो मोठ्यानेच मारायचा. सुताराच्या हातोडीच्या तोंडाची कपची पाषाणावर उडू शकते. होकायंत्र नेलं तर दगडावर ठेवून वाचू नका. या दगडात मॅग्नेटाइट हे लोहचुंबकी खनिज असतं, काटा भलतीकडे वळतो. दोरीचं चुंबक दगडाजवळ नेलं की तीच ओढ मुलांना दिसते.

भिंग धरायची रीत घरीच शिकवा, कारण इथेच बहुतेकांचं फसतं. भिंग दगडावर धरून लांबून बघू नका. ते डोळ्याला लावा आणि दगड वर आणत न्या, साधारण अडीच सेंटीमीटरवर सगळं स्पष्ट होतं. भरीव काळ्या तुकड्याच्या ताज्या फुटलेल्या बाजूवर बारीक चकाकणाऱ्या पट्ट्या दिसतील, ते फेल्स्पार नावाचं खनिज. छिद्राछिद्रांचा तुकडा लाव्हाच्या थराच्या वरच्या भागातला: साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे तसेच अडकले. पुढे पाझरलेल्या पाण्याने त्या पोकळ्या भरल्या. आत पिसाऱ्यासारखं पांढरं स्टिलबाइट, सुयांसारखं स्कोलेसाइट (ही दोन्ही झिओलाइट गटातली खनिजं) किंवा गारगोटी मिळेल. पोकळीच्या भिंतीला हिरवा लेप असेल तर ते बहुधा सेलाडोनाइट नावाचं खनिज. तांबं समजू नका. विटकरी लाल मातकट तुकडे दोन थरांमधल्या गेरूच्या पट्टीतले, ते मुद्दाम शोधा.

खिळ्याने कॅल्साइटवर (चुन्याचं मऊ खनिज) सहज ओरखडा उठतो, गारगोटीवर नाही. गारगोटीवर उमटलेली करडी रेघ खिळ्याच्याच लोखंडाची असते. ओल्या बोटाने चोळा, गेली तर तो ओरखडा नव्हे. काळ्या मातीतला चुनखडीचा खडा व्हिनेगरमध्ये फसफसतो. फसफस दिसली नाही तर आधी त्याची पूड करा.

प्रत्येक दगड उचलण्याआधी शेजारी 10 रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा, नाणं 27 मिलिमीटरचं असतं. दगडाला पांढऱ्या करेक्शन फ्लुइडचा ठिपका देऊन वर आकडा लिहा, वहीत तोच आकडा, गाव, तारीख आणि ढिगाऱ्याचा भाग. हे राहिलं की घरी पोचेपर्यंत सगळे दगड सारखेच होतात. मुलामागे तीन दगड पुरेत.

हेच थर उभे बघायचे तर वेरूळ किंवा अजिंठा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. तिथे एकही खडा उचलायचा नाही, हातोडा गाडीतच ठेवा, आणि कड्यावर आग्या मोहळं असतात म्हणून अत्तर लावून जाऊ नका. पूर्वेला नांदेडकडे देगलूर परिसरात लाव्हाऐवजी त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडला आहे. तो स्वतंत्र सहलीचा विषय, पण एक गुलाबी तुकडा मिळाला तर काळ्याशेजारी ठेवा.

घरी आल्यावर साधं पाणी आणि जुना टूथब्रश. फरशीचं ॲसिड लावू नका, कॅल्साइट विरघळतं आणि झिओलाइटची चमक जाते. उन्हात नको, सावलीत वाळवा. मग आकड्यासकट अंड्यांच्या ट्रेमध्ये, एका खळग्यात एक.