टीप देणाऱ्याचा नंबर तपासायचा कसा

माझा पुतण्या घणसोलीला राहतो. मोबाईलवर शेअरच्या टिपा देणाऱ्या एका ग्रुपमध्ये तो होता आणि तिथल्या माणसाच्या सांगण्यावरून त्याने पैसे भरले होते. गणपतीत नौपाड्याला घरी आला आणि मोबाईल पुढे धरून म्हणाला, "काकी, बघ, तीन आठवड्यांत एक लाख ऐंशीचे दोन सत्तर झाले." एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होते मी. मी आधी विचारलं, पैसे भरलेस कोणाच्या खात्यात? पासबुकात कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव निघालं. शेअर खरंच घेतले असते तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडच्या डीमॅट खात्यात दिसले असते. तिथे काहीच नव्हतं. नफा होता तो फक्त त्यांच्या ॲपमध्ये.

टीप देणाऱ्या त्या माणसाने सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक दिला होता, आणि तो खरा होता. फक्त दुसऱ्याचा होता! म्हणून हे नीट वाचा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने (INA) सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा, म्हणजे शेअरचा अभ्यास करून शिफारस करणाऱ्याचा, 'आयएनएच'ने (INH). सेबीच्या संकेतस्थळावर 'इंटरमीडिअरीज'मध्ये मान्यताप्राप्त लोकांची यादी आहे. तिथे क्रमांक टाका. नाव, पत्ता, ईमेल, फोन, सगळं ताडून बघा. मग यादीत जो फोन आहे त्यावर फोन लावा आणि विचारा, हा ग्रुप तुमचाच का? ग्रुपमध्ये दिलेल्या नंबरवर विचारून काही उपयोग नाही, तिकडून 'हो'च येणार.

काही जण एनआयएसएम या शेअर बाजाराच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र दाखवतात. त्या संस्थेचं ऑफिस वाशीला आहे, परीक्षाही खरी आहे. पण परीक्षा पास होणं वेगळं आणि सेबीची नोंदणी वेगळी.

"आम्ही फक्त शिकवतो" म्हणणाऱ्यांसाठी सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं: शिकवताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. क्लासमध्ये आजचा शेअर, आजचा भाव आणि टार्गेट सांगत असतील तर तो सल्लाच झाला. त्याला नोंदणी लागते. खात्रीशीर परताव्याचं वचन तर नोंदणी असलेल्यालाही देता येत नाही. ते शब्द कानावर पडले की मी पुढचं ऐकतच नाही.

पैसे भरण्याआधी सेबीच्या 'सेबी चेक'वर यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून खातं खरंच नोंदणी असलेल्याचं आहे का बघा. ऑक्टोबर २०२५ पासून ही सोय आहे. नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांच्या नव्या यूपीआय आयडीत ॲटच्या (@) खुणेनंतर 'व्हॅलिड' (valid) आणि मग बँकेचं नाव येतं. सल्लागाराला त्याची फी द्यायची असते. गुंतवणुकीची रक्कम त्याच्या खात्यात कधीच भरायची नसते.

आणि पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), रक्कम, वेळ हाताशी ठेवा, चॅटचे फोटो काढा, तोवर ग्रुप सोडू नका. पुतण्याला नफ्यातले दहा हजारसुद्धा काढता येईनात, तरी आई-बाबांना कसं सांगायचं म्हणून त्याने चार दिवस घालवले. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते.