दुतोंडी शाईपेन आडवंच ठेवा

हौसेने दोन्ही टोकांना निब असलेलं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, शाईपेन घडवून घेतलंय? मग ते खिशाला उभं अडकवायची सवय सोडा. साधं पेन आपण निब वर करून ठेवतो. इथे एक निब कायम खालीच राहणार आणि टोपणात शाई उतरणार. टेबलावर किंवा बॅगेत आडवं ठेवलं की प्रश्न मिटला.

ड्रॉपरने भरायचं पेन असेल तर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन नको, त्याने रबरी वॉशर खराब होतात. शाई पाव भागावर आली की लगेच भरा, कारण हाताच्या उबेने आतली हवा फुगून निबेतून थेंब टपकतो. लिहिताना वरच्या बाजूचं टोपण घट्ट हवं, ते तुमच्या चष्म्याच्या रोखाने असतं!

शाईची वाटणीही विचारपूर्वक करा. रोजच्या बाजूला बारीक निब आणि निळी शाई. दुसऱ्या बाजूला, जी आठवड्यातून एकदा उघडणार, सहज धुतली जाणारी शाई भरा. चमकीची किंवा आयर्न गॉल (लोहक्षारांची, पक्की) शाई तिथे वाळून बसली की साफ करताना जीव जातो. दोन्ही टोपणं मात्र वेगळ्या रंगांची मागा.