झुंज होऊ दे, कायमची इजा नको: गेममधल्या प्राण्यांचा एचपी कसा सांभाळायचा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दोन काळवीट शिंगाला शिंग भिडवतात, तेव्हा बहुतेक वेळा एक जण माघार घेतो आणि झुंज तिथंच मिटते. सोलापूरचे प्राणी घेऊन गेम बनवणार असाल, तर नियम हाच ठेवा: एचपी, म्हणजे प्राण्यात किती दम उरलाय ते सांगणारा आकडा, शून्य झाला की प्राणी मैदान सोडतो, मरत नाही. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पोकेमॉन या गेममध्येही हरलेला प्राणी फक्त बेशुद्ध पडतो आणि उपचार केंद्रात ठणठणीत होतो.

आधी प्रत्येक प्राण्याच्या दोन नोंदी करा. मूळ नोंदीत कमाल एचपी, हल्ला, बचाव, वेग. झुंज चालू असताना तिला हात लावायचाच नाही. दुसरी नोंद झुंजीपुरती. वाढलेला हल्ला, घटलेला बचाव, गोंधळ हे सगळं तिच्यात. झुंज संपली की उरलेला एचपी तेवढा जपा, बाकीचं पुसा. एकाच नोंदीवर भागवलं, तर बचाव निम्मा करणारा एक डाव प्राण्याला जन्माचा कमजोर करून जातो, आणि त्यावर सेव्ह झालं की संपलंच. सगळ्यात जास्त घात याच चुकीनं होतो.

एचपी शून्याखाली जाऊ देऊ नका. १२ एचपी असताना ३० चा फटका बसला आणि उणे १८ लिहिलं गेलं, तर २० ची औषधी मुळी देऊनही प्राणी २ वरच येतो. खेळणाऱ्याला वाटतं, औषधच खोटं.

क्रमही पक्का हवा: फटका, शून्याची तपासणी, मग विषाचा त्रास. हरलेल्याला विष लावू नका. नाहीतर तो दोनदा हरतो. चालताना विष चढवणं तर नकोच. पोकेमॉनच्या सुरुवातीच्या गेममध्ये दर चार पावलांना १ एचपी जायचा. पाचव्या पिढीच्या गेमपासून ते काढूनच टाकलं, आणि बरंच केलं.

हरलेला प्राणी आडवा पडलेला दाखवला की लहान मुलं ‘मेला’ असंच समजतात. मान खाली, पाठ फिरवून चालत जाताना दाखवा. एक सेकंद पुरे.

उपचार सिद्धेश्वर तलावाच्या काठी, फुकट. पैसे लावले आणि खिसा रिकामा असला, तर गेम तिथंच अडकतो. सगळे प्राणी हरले की खेळणाऱ्याला आपोआप तिथं न्या, आधी उपचार करा, मग सेव्ह.

शेवटी एकच प्राणी, १ एचपी, विषबाधा आणि शून्य पैसे, अशा अवस्थेत मुद्दाम हरा. गेम बंद करून पुन्हा उघडा आणि मूळ नोंदीतला आकडा न् आकडा पडताळा. एकही हलला असेल, तर झुंजीचा कोड अजून तिथं लिहितोय.