हलणाऱ्या म्हशीचे शाईचित्र

गोरेगावच्या आरे वसाहतीत तबेल्यासमोर बसून शाईपेनने म्हैस रेखाटताना अडचण अशी येते, की चित्र अर्ध्यावर असतानाच ती मान वळवते आणि ओढलेली रेघ काही खोडता येत नाही.

अशा वेळी एकच म्हैस पुरी करण्याचा हट्ट न धरता एका पानावर चार-पाच अपुरी चित्रे एकदम चालू ठेवावीत. प्रथम मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंतची पाठीची रेघ एका दमात ओढावी, मग शिंगे आणि पोटाची खालची कड घ्यावी. जनावर हलताच ते चित्र तसेच सोडून शेजारी नवे सुरू करावे. दावणीला बांधलेली म्हैस थोड्या वेळाने बहुधा पूर्वीसारखीच उभी राहते, तेव्हा जुन्या चित्राकडे परतावे. शेजारची म्हैस तशीच उभी असेल, तर तिचे पाय पाहून चित्र पुरे केले तरी बिघडत नाही. रवंथ करत बसलेली म्हैस मिळाली तर उत्तमच, कारण तिचा जबडा आणि कान तेवढे हलतात.

अंग सरसकट काळे करू नये. पाठीचा कणा आणि पुठ्ठ्याचे वर आलेले हाड येथे कागद कोरा ठेवून बाकीच्या छायारेघा पोटाच्या गोलाईने वळवल्या, की चकाकती कातडी आपोआप दिसते.

लाखयुक्त इंडियन इंक, म्हणजे चित्रकलेची दाट काळी शाई, मात्र फाउंटन पेनमध्ये भरू नये. ती आत वाळून पेन तुंबते, म्हणून तिच्यासाठी शाईत बुडवून वापरायचा टाकच घ्यावा.