दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचे तास घरच्या घरी कसे काढावेत

माझ्या आईच्या गोळ्या ठरावीक तासांनी असतात. त्यामुळे लांबचा प्रवास ठरला की ती नेमके किती तास विमानात असेल, हे मी आधी स्वतः कागदावर काढते. तिकिटावरच्या वेळा नुसत्या वाचून ते कळत नाही.

आधी अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. लंडन-टोकियोचा दोरा थेट सायबेरियावरून जातो, आणि सर्वांत जवळचा मार्ग तोच. आकडा हवा असेल तर अक्षांश-रेखांश घ्या. लंडनचं हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, न्यूयॉर्कचं जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्हींचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, असा तिघांचा गुणाकार करून तो त्यात मिळवा. बेरीज येते ०.६४५. कॅल्क्युलेटरवर तिचा व्यस्त कोसाइन काढला की ४९.८ अंश मिळतात. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणून अंतर साधारण ५,५४० किमी. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरायचे, एवढं सांभाळा.

आता वेळ. मोठं जेट विमान ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं. मी ८८० धरते आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांसाठी ४० मिनिटं वर टाकते. उत्तर येतं सुमारे सात तास. पण खरी गंमत वाऱ्यात आहे! १० ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अधिक जोराने. न्यूयॉर्कहून लंडनला येताना तो मागून ढकलतो, जाताना समोरून अडवतो. म्हणून वेळापत्रकात येताना सुमारे सात तास असतात, तर जाताना आठ.

दोऱ्याचा मार्ग विमानाला मिळेलच असं मात्र नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश बंद झाल्यामुळे हेलसिंकी-टोकियो उड्डाण साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. अंतर तेच, मार्ग वळसा घेणारा. तेव्हा गणित झालं की वेळापत्रकाशी ताडून पाहाच.

त्यासाठी निघण्याची आणि पोहोचण्याची, दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरासाठी ठरलेल्या एकाच प्रमाण वेळेत, आणून वजाबाकी करा. हिवाळ्यात लंडनहून सकाळी १० ला निघून न्यूयॉर्कला दुपारी १ ला पोहोचलात, तर घड्याळ तीन तास दाखवतं. हिवाळ्यात लंडनची वेळ यूटीसीच असते आणि न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणजे प्रवास आठ तासांचा. मार्चमध्ये विशेष जपा. अमेरिका आपली घड्याळं ब्रिटनच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे करते, त्या काळात फरक चारच तासांचा असतो. प्रवासाच्या तारखेचा फरक बघूनच गोळ्यांच्या वेळा लिहा.