गोठा, खुराडे आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली: आखणी कशी करावी

महू, राऊ किंवा देपालपूरकडे थोडी जमीन आहे, दोन गायी आणि वीसेक कोंबड्या पाळायच्या आहेत, दूध-तूप तिथेच करायचे आहे, अशा इंदूरकर घरांसाठी हे लिहिते आहे. शहराच्या हद्दीत गुरे ठेवण्यावर बंधने आहेत, म्हणून जागा हद्दीबाहेरचीच धरा आणि बांधकामाआधी पंचायतीत विचारून घ्या.

कागदावर खोल्या काढण्याआधी दुधाची वाट काढा. धार काढल्यापासून दूध चुलीवर चढेपर्यंत चरवी कुठून कुठे जाते, ती वाट कोंबड्यांजवळून जाता कामा नये. आमच्या पहिल्या गोठ्यात खुराड्याची भिंत छातीइतकीच उंच होती. कोंबड्या रात्री गव्हाणीच्या काठावर येऊन बसत, विष्ठा चाऱ्यात पडे, गाय तोंड फिरवी आणि दुधाला वास लागे. वास तरी कळतो. विष्ठेतून चाऱ्यात आणि भांड्यांत जाणारे रोगजंतू दिसतही नाहीत. पावसाळा संपल्यावर ती भिंत पाडून सगळे नव्याने आखावे लागले.

म्हणून क्रम असा ठेवा. छप्पर पूर्व-पश्चिम लांब, म्हणजे उन्हाळ्याची तिरपी उन्हे आत शिरत नाहीत. रुंदी 12 फूट, लांबी 36 फूट. पश्चिमेच्या टोकाला 10 फुटांचे स्वयंपाकघर, मग 4 फुटांची बोळ, 12 फुटांचा गोठा, 4 फुटांची चाऱ्याची खोली आणि पूर्वेच्या टोकाला 6 फुटांचे खुराडे. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे गोठ्याचा आणि खुराड्याचा वास स्वयंपाकघरापासून दूर जातो. पश्चिमेची भिंत मात्र पक्की हवी, पावसाची झड तिच्यावरच बसते.

आता पाया. माळव्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंत तडकते. काळा थर संपून मुरूम लागेपर्यंत खणा, मग मुरूम भरून, पाणी मारून, कुटून जोते जमिनीपासून दीड फूट वर आणा. इथे पैसे वाचवू नका. पत्रा पुढे बदलता येतो, पाया नाही.

गोठ्यात गव्हाण चाऱ्याच्या खोलीच्या भिंतीलगत घ्या, 2 फूट रुंद. तिथली भिंत अर्धीच ठेवली की चारा पलीकडूनच गव्हाणीत टाकता येतो. गायींची उभी राहायची जागा साडेपाच फूट लांब आणि प्रत्येकी 4 फूट रुंद. उरलेल्या 4 फुटांत वासरू. त्यांच्या मागे फूटभर रुंद नाली आणि बोळीकडे साडेतीन फुटांची चालायची जागा. नालीला 40 फुटांना 1 फूट उतार द्या, म्हणजे 12 फुटांत साडेतीन इंच. ती उत्तरेला काढून शेणखड्ड्यात सोडा. खड्डा विहिरीपासून लांब हवा. कोबा खरबरीत करा. घोटलेल्या फरशीवर गाय घसरते आणि तिचा पाय मोडला तर ती बहुधा हातची जाते.

बोळीला लोक जागेची उधळपट्टी समजतात, पण दूध स्वच्छ राहते ते तिच्यामुळेच. तिथे नळ, हात धुवायची मोरी, चपला बदलायची जागा आणि दूध गाळायचा कट्टा ठेवा. दोन्ही दारांना माश्यांची जाळी लावा. स्वयंपाकघराची जमीन गोठ्यापेक्षा चार इंच वर, म्हणजे धुतलेले पाणी परत येत नाही. ओट्याला कोटा फरशी चालते. चुलीचे धुराडे छपराच्या वर काढा, नाहीतर पश्चिमेचा वारा धूर गायींवर लोटतो. या क्रमात कडबा आणि भुसा चुलीपासून आपोआप सोळा फूट लांब राहतात. दूध लगेच तापवणार नसाल तर चरवी थंड पाण्याच्या हौदात ठेवा. डेअरीला द्यायचे असेल तर 4 अंशांपर्यंत गार करण्याची सोय आधीच पाहून ठेवा.

खुराडे आणि चाऱ्याची खोली यांच्यामधली भिंत थेट पत्र्यापर्यंत न्या. उत्तर-दक्षिणेला फूटभर भिंत आणि वर अर्ध्या इंचाची जाळी; मोठ्या भोकांतून साप आणि मुंगूस येतात. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पोत्यांचे पडदे सोडा. बसायच्या दांडीवर कोंबडीमागे 8 इंच धरा, म्हणजे वीस कोंबड्यांना दोन दांड्या लागतात. पाच कोंबड्यांमागे अंड्यांचे एक खोके. खोक्याचे झाकण बाहेरून उघडणारे करा, अंडी काढायला आत जावे लागत नाही. खाली चार इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा आणि ओला झाला की लगेच बदला. झाबुआचा कडकनाथ पाळायचा मोह होतो (त्याच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले), पण अंड्यांसाठी तो निवडू नका, तो कमी अंडी देतो. पिल्लांना मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यात द्या. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारायला संकोच करू नका.

पाया फेब्रुवारी-मार्चमध्ये खणा आणि मृगाच्या आत पत्रे चढवा. खणण्याआधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने सगळ्या रेषा मारा आणि रिकामी चरवी घेऊन सकाळची कामे चालून पाहा: आधी धार, मग दूध आत, मग शेण, आणि कोंबड्या सगळ्यात शेवटी. जिथे वळताना अडखळाल, तिथली रेष तेव्हाच पुसून सरकवा.